विकास मंडळांची मुदत आणि विधिमंडळीय आढावा (महाराष्ट्र)

महाराष्ट्रातील विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांसाठी भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३७१(२) अन्वये स्थापन झालेली तीन विकास मंडळे ही राज्यातील मुदतबद्ध शासकीय संस्थांचे सर्वांत परिचित उदाहरण होय. १ मे १९९४ रोजी अस्तित्वात आलेल्या या मंडळांना आरंभी पाच वर्षांची मुदत होती. ती वेळोवेळी वाढविण्यात आली आणि ३० एप्रिल २०२० रोजी संपुष्टात आली. प्रत्येक मंडळाच्या कार्याचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवला जावा, अशी तरतूद संविधानातच आहे. संस्थेला मुदत असणे आणि तिच्या कामाचा हिशेब लोकप्रतिनिधींपुढे येणे, या दोन्ही गोष्टी या व्यवस्थेत एकत्र आढळतात. मात्र मुदतवाढीचा निर्णय त्या हिशेबावर अवलंबून ठेवलेला नव्हता. मराठवाड्यातील हिंगोलीसारख्या, मंडळांच्या स्थापनेनंतर निर्माण झालेल्या जिल्ह्याच्या दृष्टीने हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरला.

संकल्पना

शासकीय कार्यालय, मंडळ किंवा महामंडळ एकदा स्थापन झाले, की सामान्यतः ते चालूच राहते. ते बंद करायचे असल्यास शासनाला किंवा विधिमंडळाला मुद्दाम निर्णय घ्यावा लागतो. मुदतबद्ध व्यवस्थेत हा क्रम उलटा असतो. संस्थेच्या स्थापनेच्या वेळीच तिचा शेवटचा दिवस ठरविलेला असतो आणि ती पुढे चालू ठेवायची असेल, तर तसा निर्णय घ्यावा लागतो. म्हणजेच संस्था का बंद करावी हे सिद्ध करण्याऐवजी ती का चालू ठेवावी हे सिद्ध करण्याची जबाबदारी येते. अमेरिकेत अशा कायद्यांना ‘सनसेट’ कायदे म्हणतात. ठरलेल्या वेळी सूर्य मावळावा तसे संस्थेचे अस्तित्व मावळते, असा त्या नावाचा आशय आहे.

भारतीय संविधानात मुदतीची तरतूद अन्यत्रही आढळते. लोकसभा व विधानसभा यांमधील अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमातींसाठी राखीव जागांची तरतूद आरंभी दहा वर्षांपुरती होती. अनुच्छेद ३३४ मध्ये वेळोवेळी दुरुस्ती करून ती वाढविण्यात आली. १०४ व्या घटनादुरुस्तीने ही मुदत २५ जानेवारी २०३० पर्यंत नेली. येथे प्रत्येक मुदतवाढीसाठी संसदेची मंजुरी आवश्यक असते. विकास मंडळांच्या मुदतवाढीचा मार्ग मात्र वेगळा होता.

पार्श्वभूमी

मराठवाडा हा पूर्वी हैदराबाद संस्थानाचा भाग होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतीय संघराज्यात विलीन झाले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाला. त्यापूर्वी, २८ सप्टेंबर १९५३ रोजी, पश्चिम महाराष्ट्र, विदर्भ आणि मराठवाडा येथील नेत्यांमध्ये नागपूर करार झाला होता. विविध विभागांवर लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च व्हावा, मराठवाड्याच्या मागासलेपणाचा विचार करून त्याच्या सर्वांगीण विकासाकडे विशेष लक्ष द्यावे आणि यासंबंधीचा अहवाल दरवर्षी राज्याच्या विधानसभेपुढे ठेवावा, असे या कराराने मान्य केले. विधानसभेपुढील वार्षिक अहवालाची कल्पना अशा रीतीने संविधानातील तरतुदीहून जुनी आहे.

१९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१ मध्ये विकास मंडळांची तरतूद करण्यात आली. १९६० मध्ये महाराष्ट्र व गुजरात ही राज्ये स्वतंत्र झाल्यावर ती दोन्ही राज्यांना लागू राहिली. या अनुच्छेदाच्या खंड (२) नुसार राष्ट्रपती आदेशाद्वारे राज्यपालांवर तीन बाबींची विशेष जबाबदारी सोपवू शकतात: स्वतंत्र विकास मंडळांची स्थापना, विकासखर्चाच्या निधीचे, संपूर्ण राज्याच्या गरजा लक्षात घेऊन, न्याय्य वाटप, आणि तंत्रशिक्षण, व्यावसायिक प्रशिक्षण व शासकीय सेवांतील संधी यांची न्याय्य व्यवस्था.

तरतूद ‘करू शकतात’ अशा स्वरूपाची असल्याने प्रत्यक्ष मंडळे स्थापन होण्यास जवळजवळ चार दशके लागली. दरम्यान प्रादेशिक असमतोलाचा अभ्यास करण्यासाठी अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमण्यात आली. १९८४ मध्ये सादर झालेल्या अहवालात समितीने राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये असल्याचे दाखविले. त्यांपैकी विदर्भाचा सुमारे १,२४७ कोटी, मराठवाड्याचा सुमारे ७५१ कोटी आणि उर्वरित महाराष्ट्राचा सुमारे १,१८९ कोटी रुपये होता. त्याच वर्षी जुलै महिन्यात विधिमंडळाने मंडळे स्थापन करण्याची शिफारस करणारा ठराव संमत केला. मराठवाड्यात या मागणीचा पाठपुरावा करणाऱ्यांमध्ये स्वातंत्र्यसेनानी गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषद यांचे स्थान महत्त्वाचे आहे.

स्थापना आणि कार्य

राष्ट्रपतींचा आदेश ९ मार्च १९९४ रोजी निघाला. त्यानुसार तत्कालीन राज्यपाल पी. सी. अलेक्झांडर यांनी ३० एप्रिल १९९४ रोजी आदेश काढला आणि १ मे, म्हणजे महाराष्ट्र दिनापासून, तीन मंडळे अस्तित्वात आली. विदर्भ मंडळाचे कार्यालय नागपूर येथे, तर मराठवाडा मंडळाचे औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे होते. मंडळावर विधिमंडळ सदस्य, स्थानिक स्वराज्य संस्थेचे प्रतिनिधी, विविध क्षेत्रांतील तज्ज्ञ आणि प्रशासकीय अधिकारी यांची नियुक्ती राज्यपाल करीत असत.

मंडळाची प्रमुख कार्ये पुढीलप्रमाणे होती:

• योग्य निर्देशांकांच्या आधारे आपल्या क्षेत्रातील विविध विकासक्षेत्रांची तुलनात्मक पातळी निश्चित करणे.
• अनुशेष दूर करण्यासाठी झालेल्या प्रयत्नांचा परिणाम तपासणे.
• वार्षिक व पंचवार्षिक योजनांमध्ये आपल्या क्षेत्रावर किती विकासखर्च व्हावा, हे सुचविणे.
• आपल्या कार्याचा वार्षिक अहवाल तयार करून, विधानसभेपुढे ठेवण्यासाठी राज्यपालांकडे पाठविणे. आर्थिक वर्ष संपल्यानंतर शक्यतो तीन महिन्यांत हा अहवाल पाठविणे अपेक्षित होते.

मंडळाकडे कर बसविण्याचा किंवा शासनाच्या खात्यांना थेट आदेश देण्याचा अधिकार नव्हता. त्याचे स्वरूप मोजणी करणाऱ्या व सल्ला देणाऱ्या संस्थेचे होते. त्या सल्ल्याला वजन प्राप्त होई ते राज्यपालांच्या विशेष जबाबदारीमुळे. राज्यपालांनी वार्षिक योजनेतील निधीवाटपासंबंधी शासनाला दिलेले निर्देशही विधिमंडळापुढे ठेवले जात.

अनुशेषाच्या फेरमोजणीसाठी राज्यपालांनी निर्देशांक व अनुशेष समिती नेमली. तिने १ एप्रिल १९९४ ची स्थिती आधारभूत मानून एकूण अनुशेष सुमारे १४,००७ कोटी रुपये ठरविला. त्यात विदर्भाचा वाटा सुमारे ६,६२४ कोटी, मराठवाड्याचा सुमारे ४,००५ कोटी आणि उर्वरित महाराष्ट्राचा सुमारे ३,३७८ कोटी रुपये होता. पाटबंधारे, रस्ते, कृषिपंपांचे विद्युतीकरण, सामान्य शिक्षण, तंत्रशिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा, भूविकास आणि पशुवैद्यकीय सेवा अशी नऊ क्षेत्रे विचारात घेण्यात आली होती. यांपैकी पाटबंधाऱ्यांचा अनुशेष सर्वांत दीर्घकाळ रेंगाळला. रस्त्यांसाठी निधी दिला की काम काही वर्षांत पूर्ण होऊ शकते. धरण, कालवे, भूसंपादन आणि पुनर्वसन यांना मात्र अनेक वर्षे लागतात.

मुदत आणि मुदतवाढ

मंडळांची आरंभीची मुदत पाच वर्षांची, म्हणजे ३० एप्रिल १९९९ पर्यंत होती. पाच वर्षांत अनुशेष दूर होईल आणि मंडळांची आवश्यकता उरणार नाही, ही अपेक्षा या मुदतीमागे होती. ती फलद्रूप झाली नाही. त्यानंतर कधी पूर्ण पाच वर्षांसाठी, तर कधी त्याहून कमी काळासाठी मुदत वाढविण्यात आली. अखेरच्या दोन मुदती अनुक्रमे ३० एप्रिल २०१५ आणि ३० एप्रिल २०२० पर्यंत होत्या.

मुदतवाढीचा प्रस्ताव राज्य मंत्रिमंडळाच्या शिफारशीपासून सुरू होऊन राज्यपाल आणि केंद्रीय गृह मंत्रालय यांच्यामार्फत राष्ट्रपतींपर्यंत जात असे. या प्रवासात विधानसभेच्या मतदानाचा टप्पा नव्हता. सभागृहात चर्चा होऊ शकत होती, प्रश्न विचारता येत होते, ठरावही मांडता येत होता. परंतु सभागृहाने मंडळाच्या कार्याची तपासणी करून ‘चालू ठेवावे’, ‘बदल करून चालू ठेवावे’ किंवा ‘बंद करावे’ असा निर्णय देण्याची पद्धत नव्हती. त्यामुळे वार्षिक अहवाल आणि मुदतवाढ या दोन गोष्टी समांतर चालत राहिल्या. उत्तम अहवाल असूनही मंडळाची मुदत संपू शकत होती आणि समाधानकारक काम नसतानाही ती वाढू शकत होती.

अनुशेषाची मोजणी आणि हिंगोली जिल्हा

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन निर्माण झाला. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत आणि औंढा नागनाथ हे त्याचे पाच तालुके होत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ११,७७,३४५ आहे. जिल्ह्याची अर्थव्यवस्था मुख्यतः शेतीवर अवलंबून असून सोयाबीन, कापूस, तूर व हळद ही महत्त्वाची पिके आहेत.

जिल्हा निर्माण झाला तो दिवस मंडळांच्या पहिल्या मुदतीच्या समाप्तीचा दुसरा दिवस होता. अनुशेषाची मोजणी १९९४ च्या स्थितीवर आधारलेली होती आणि त्या वेळी आजचा हिंगोली जिल्हा परभणीचा भाग होता. अनुशेष मोजताना जिल्हा हा घटक मानला जाई. जिल्ह्याची सरासरी राज्याच्या सरासरीहून कमी असेल, तरच त्या फरकाला अनुशेष म्हटले जाई. या पद्धतीचा परिणाम एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका जिल्ह्याचे समान क्षेत्रफळाचे दोन भाग आहेत. एका भागातील ४० टक्के जमीन सिंचनाखाली आहे आणि दुसऱ्या भागातील १० टक्के. जिल्ह्याची सरासरी २५ टक्के येते. राज्याची सरासरी २२ टक्के असेल, तर या जिल्ह्याचा अनुशेष शून्य ठरतो. पुढे या दोन भागांचे दोन स्वतंत्र जिल्हे झाले, तर दुसऱ्या जिल्ह्यात सरासरीहून १२ टक्क्यांची तूट असूनही जुन्या तक्त्यात तिची नोंद कोठेच सापडत नाही.

अविभक्त परभणी जिल्ह्यातील दक्षिणेकडील गोदावरीकाठच्या भागाला जायकवाडी प्रकल्पाच्या कालव्याचा, तर वसमतसह काही भागाला पूर्णा नदीवरील येलदरी व सिद्धेश्वर धरणांचा लाभ मिळत होता. उत्तरेकडील सेनगाव, हिंगोली हा उंचसखल भाग प्रामुख्याने पावसावर अवलंबून होता. सिद्धेश्वर धरण औंढा नागनाथ तालुक्यात आहे. ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाचे इसापूर धरण कळमनुरी तालुक्याच्या सीमेवर पैनगंगा नदीवर आहे आणि त्याच्या पाण्याचा मोठा लाभ नांदेड जिल्ह्याला होतो. धरणे जवळ असूनही शेत कोरडे, अशी या भागातील शेतकऱ्यांची भावना या भौगोलिक स्थितीतून निर्माण झाली आहे. हिंगोली जिल्ह्याचा सिंचन अनुशेष स्वतंत्रपणे मोजावा, ही मागणी त्यामुळे जिल्ह्यातील लोकप्रतिनिधी आणि कार्यकर्ते सातत्याने करीत आले.

नियतकालिक आढाव्याचे महत्त्व अशा ठिकाणी लक्षात येते. मोजणीचा पाया जुना झाला आहे, जिल्ह्यांच्या सीमा बदलल्या आहेत, नवीन गरजा निर्माण झाल्या आहेत, हे तपासण्याची सक्ती प्रत्येक मुदतवाढीच्या वेळी असती, तर नव्या जिल्ह्यांचा प्रश्न आपोआप पुढे आला असता. केवळ तारीख बदलणाऱ्या मुदतवाढीत अशी तपासणी अनिवार्य नव्हती.

२०११ मध्ये अर्थतज्ज्ञ विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या उच्चस्तरीय समितीने संतुलित प्रादेशिक विकासाचा नव्याने विचार केला. जिल्ह्याऐवजी तालुका हा घटक मानावा, ही तिच्या अहवालातील महत्त्वाची भूमिका होती. जिल्ह्याच्या सरासरीत एखाद्या तालुक्याचे मागासलेपण लपू नये, हा तिचा हेतू होता. अहवाल २०१३ मध्ये शासनाला सादर झाला आणि डिसेंबर २०१४ मध्ये विधिमंडळापुढे ठेवण्यात आला.

मुदत संपल्यानंतर

३० एप्रिल २०२० रोजी मुदत संपली त्या वेळी देशात कोविड-१९ मुळे टाळेबंदी लागू होती. मंडळांना मुदतवाढ मिळाली नाही. पुढे हा विषय राजकीय वादाचा झाला. १ मार्च २०२१ रोजी विधानसभेत विरोधी पक्षाने मुदतवाढीची मागणी केली असता, तत्कालीन उपमुख्यमंत्री व अर्थमंत्री अजित पवार यांनी मंडळांचा प्रश्न राज्यपालांकडे प्रलंबित असलेल्या विधान परिषदेवरील बारा सदस्यांच्या नियुक्तीशी जोडला. मंडळे अस्तित्वात आहेत असे मानूनच निधीचे वाटप करण्यात येईल, असे आश्वासनही त्यांनी दिले. तत्कालीन विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस यांनी या भूमिकेवर तीव्र आक्षेप घेतला. २७ सप्टेंबर २०२२ रोजी, सत्तांतरानंतरच्या मंत्रिमंडळाने तिन्ही मंडळांच्या पुनर्गठनाचा निर्णय घेतला. तथापि मंडळांच्या पुनःस्थापनेसाठी राज्याचा निर्णय पुरेसा नसून राष्ट्रपतींचा आदेश आवश्यक असतो.

मंडळांची मुदत संपली, तरी संविधानातील अनुच्छेद ३७१(२) कायम आहे. मात्र ज्या मंडळाने अहवाल तयार करावयाचा तेच नसल्यामुळे विधानसभेपुढे ठेवण्यासाठी अहवालही उरत नाही. मंडळ बंद झाल्याचा हा सर्वांत थेट परिणाम होय. निधीवाटपाचे सूत्र पाळले गेले किंवा नाही, हे तपासणारी स्वतंत्र मोजणी थांबते आणि चर्चा परस्परविरोधी दाव्यांवर अवलंबून राहते.

आढाव्याची इतर साधने

महाराष्ट्रातील बहुसंख्य शासकीय कार्यालयांना मुदत नसते. त्यांच्या कार्याचा आढावा पुढील मार्गांनी घेतला जातो:

• अर्थसंकल्प: प्रत्येक विभागाच्या खर्चाच्या मागण्या दरवर्षी विधानसभेच्या मतास टाकल्या जातात. तत्त्वतः हा प्रत्येक कार्यालयाच्या अस्तित्वाचाच वार्षिक आढावा असतो. प्रत्यक्षात वेळेच्या मर्यादेमुळे अनेक मागण्या सविस्तर चर्चेविना मंजूर होतात.
• विधिमंडळाच्या समित्या: लोकलेखा समिती, अंदाज समिती, सार्वजनिक उपक्रम समिती आणि पंचायत राज समिती विभागांची व संस्थांची तपासणी करतात. पंचायत राज समिती जिल्हा परिषदांना प्रत्यक्ष भेट देऊन अधिकाऱ्यांची साक्ष घेते. या समित्या सुधारणा सुचवितात. संस्था चालू राहावी की नाही, हा त्यांचा नियमित विषय नसतो.
• अस्थायी पदांची मुदतवाढ: अनेक कार्यालयांतील पदे अस्थायी स्वरूपाची असतात. ती ठरावीक काळापुरती, बहुधा काही महिने ते एक वर्ष, पुढे चालू ठेवण्यासाठी संबंधित विभाग शासन निर्णय काढतो. असा निर्णय नसेल, तर कोषागारात वेतन देयके अडकू शकतात. ही प्रक्रिया प्रशासकीय असून विधिमंडळाचा तिच्याशी थेट संबंध नसतो. वर्षानुवर्षे तीच पदे त्याच शब्दांत पुढे चालू ठेवली जात असल्याने आढाव्याचा मूळ हेतू मागे पडून ती एक औपचारिकता बनते.

इतर ठिकाणच्या व्यवस्था

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याने १९७६ मध्ये पहिला सनसेट कायदा संमत केला. पुढील काही वर्षांत तेथील तीसहून अधिक राज्यांनी त्याचे अनुकरण केले. मात्र खर्च आणि श्रम यांच्या तुलनेत लाभ कमी असल्याचे आढळल्याने काही राज्यांनी तो रद्द किंवा स्थगित केला. टेक्सास राज्याचा १९७७ चा कायदा दीर्घकाळ टिकलेल्या कायद्यांपैकी एक आहे. तेथे बारा सदस्यांचा आयोग असून त्यात दहा विधिमंडळ सदस्य आणि दोन नागरिक असतात. बहुतेक संस्थांचा आढावा साधारणपणे बारा वर्षांनी घेतला जातो. संस्था प्रथम स्वतःचे मूल्यमापन सादर करते, आयोगाचे कर्मचारी त्याची छाननी करतात, जाहीर सुनावणीत नागरिकांचे म्हणणे ऐकले जाते आणि शेवटी विधिमंडळापुढे विधेयक येते. विधेयक संमत न झाल्यास संस्था बंद होते. परंतु कामकाज आवरते घेण्यासाठी तिला वर्षभराचा अवधी मिळतो.

भारतात शेजारच्या कर्नाटकाचे उदाहरण उल्लेखनीय आहे. २०१२ च्या ९८ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१-जे समाविष्ट होऊन हैदराबाद-कर्नाटक विभागासाठी विकास मंडळाची तरतूद झाली. पूर्वी निजामाच्या राज्यात मराठवाड्याबरोबर असलेल्या बीदर, कलबुर्गी आदी जिल्ह्यांचा त्यात समावेश आहे. या मंडळाच्या कार्याचा अहवालही दरवर्षी राज्याच्या विधानसभेपुढे ठेवणे आवश्यक आहे.

मतमतांतरे

मुदतबद्ध व्यवस्थेच्या समर्थकांच्या मते, ठरलेली तारीख असल्याशिवाय संस्था आपल्या कामाचा गंभीरपणे विचार करीत नाहीत. विकास मंडळांसारखी संस्था विशिष्ट उद्दिष्टासाठी असते. उद्दिष्ट साध्य झाल्यावर तिने संपणे हेच तिचे यश होय. मंडळांच्या टीकाकारांचा आक्षेप असा, की सव्वीस वर्षांत मंडळांनी अनुशेष मोजला, परंतु तो दूर करण्याचे अधिकार त्यांना कधीच नव्हते; शिवाय राज्यपालांच्या विशेष जबाबदारीमुळे निर्वाचित शासनाच्या आर्थिक अधिकारावर मर्यादा येते.

याउलट मंडळांच्या समर्थकांचे म्हणणे असे, की मागास भागाच्या हिताचे रक्षण करणारी संस्था दर पाच वर्षांनी सत्ताधाऱ्यांच्या इच्छेवर सोपविणे योग्य नाही. विधिमंडळात ज्या भागाचे संख्याबळ कमी, त्या भागासाठीच ही तरतूद आहे. केवळ निर्णय न घेतल्यामुळे मंडळ संपते, तेव्हा त्याच्या कार्याचे मूल्यमापनही होत नाही आणि ते बंद करण्याची जबाबदारीही कोणी स्वीकारत नाही.

दोन्ही बाजूंच्या अभ्यासकांना मान्य होईल असा एक मुद्दा या चर्चेतून पुढे येतो. मुदत संपण्यापूर्वी पुरेसा काळ आधी विधिमंडळाच्या समितीने मंडळाचे वार्षिक अहवाल तपासावेत, नव्या जिल्ह्यांसह मोजणीचा पाया अद्ययावत करावा, संबंधित भागात जाहीर सुनावणी घ्यावी आणि सभागृहाने कारणांसह आपले मत नोंदवावे, अशी पद्धत असल्यास मुदत आणि आढावा या दोन तरतुदी एकमेकींना पूरक ठरू शकतात.

हेही पहा

• नागपूर करार
• हिंगोली जिल्हा
• मराठवाडा
• वि. म. दांडेकर
• महाराष्ट्र विधानसभा